‘दिल्ली’वरचे अण्णा

चि. निखिल,


ऑकलंडहून पाठवलेला फोटो पुन्हा पुन्हा काढून पाहते आहे. डेव्हनपोर्टच्या नौदल तळाच्या दाराशी ‘अकिलिस’ बोटीची ती जोडतोफ, आणि शेजारी आमचा निखिल! ऊर भरून आला. पण खालचं तुझं वाक्य फार लागलं रे. तुला भेटलेल्या बाईंचे आजोबा ‘अकिलिस’वर होते, १३ डिसेंबर १९३९ ला जर्मनांच्या ‘ग्राफ श्पे’शी लढले. ‘त्यांना मी काय सांगणार, अण्णाआजोबा तर खाली बॉयलरशी होते,’ असं तू लिहितोस?

अरे, तीच बोट आहे ती. १९३३ सालची. पंधरा वर्षं गोऱ्यांकडे होती; १९४८ ला आपण घेतली, ‘दिल्ली’ झाली, ती १९७८ पर्यंत. म्हणजे तीस वर्षं आपली! त्या लढाईवर सिनेमा निघाला १९५६ ला, तेव्हा त्यात ‘अकिलिस’ म्हणून हीच ‘दिल्ली’ दाखवली. अण्णांनी आम्हाला मुद्दाम नेलं होतं. पडद्यावर बोट आली की ते खुर्चीतून अर्धे उठत आणि आई सदरा धरून खाली बसवी.

आणि डिसेंबर १९६१? पोर्तुगीजांकडच्या दीवच्या किल्ल्यावर ‘दिल्ली’नं तोफा डागल्या, तेव्हा अण्णा खालीच होते. वर काय चाललंय ते त्यांना फक्त हादऱ्यांवरून कळायचं. इकडे चिपळुणात आई रेडिओला कान लावून, मांडीवर तापलेला तुझा बाबा. खालच्या वाफेशिवाय ती बोट दीवपर्यंत पोचली असती का, सांग. तोफ देखणी, म्हणून ती जपली. बॉयलर मात्र मुंबईत भंगारात गेले. वर उभं राहणाऱ्यांच्या नातवंडांना फोटो काढायला काहीतरी आहे. खालच्यांच्या नातवंडांनी बोललंच पाहिजे, नाहीतर ती माणसं बोटीवर नव्हतीच असं होईल. हे मी तुझ्या बाबालाही सांगत आले, तो ‘हो हो’ म्हणतो.

अण्णांची ट्रंक माळ्यावर होती म्हणून २०२१ च्या पुरात वाचली, पण आता कागदांना कसर लागलीय. नोकरीची वही उघडली की कडा हातात येतात. तुझ्या चुलतभावाला फोटो काढायला सांगून थकले. आणि साळवीकाकांची तर धास्तीच वाटते. अण्णांच्या हाताखाली बॉयलरवर शिकलेले आता तेवढेच उरलेत. परवा भेटायला गेले तर मला त्यांनी आईच्या नावानं हाक मारली. पण बोटीचं काढलं की अजून सगळं लख्ख आठवतं. पहाऱ्याची पाळी किती तासांची, उकाड्यात काय पीत, दीवच्या रात्री जेवण मिळालं का, हे तू विचार. मी विचारलं तर ‘बायकांना काय करायचंय’ म्हणून उडवून लावतात.

साळवीकाकांना फोन सकाळी कर. तुझं घड्याळ पुढे असतं, ते ध्यानात ठेव. त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. दिवाळीपर्यंत थांबू नकोस. आणि त्या बाईंचा पत्ता घेतलायस ना? त्यांना अण्णांचा बोटीवरचा फोटो पाठव, मी बाबाकडे देते.

तुझी,
आत्या