नखांवरची झिलई

भिलाईच्या नेहरूनगरातील त्या घराच्या मागच्या खोलीला उत्तरेकडे एक खिडकी आहे. जानेवारीतल्या दुपारी तिच्यातून ऊन आत येत नाही, पण रंग जसा आहे तसा दिसावा इतका स्वच्छ उजेड येतो. बाईंनी टेबल त्या खिडकीशी ओढून घेतले आहे. त्यावर जुने वर्तमानपत्र पसरले आहे. वाटीत कापसाचे बोळे आहेत, शेजारी रंग उतरवण्याच्या द्रवाची बाटली आहे, आणि समोर नेलपॉलिशच्या दहा लहान बाटल्या शाळेतल्या मुलांसारख्या ओळीने उभ्या आहेत. कामवाली दोन वाजताच गेली आहे. दाराला आतून कडी आहे. सत्तरीला आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने स्वतःच्याच घरात कडी लावून करावे, असे या उद्योगात काही नाही. तरीही ती लावली गेली आहे, आणि आपण ती का लावली याचा विचार बाईंच्या मनातून जात नाही.

बाटल्या नातीच्या. दिवाळीला पुण्याहून आलेली नात जाताना डबा इथेच ठेवून गेली. ‘आजी, तू लावून बघ. तुझी नखं किती छान आहेत!’ एवढेच ती म्हणाली होती. डबा दोन महिने कपाटात पडून राहिला. आज तो उघडला गेला तो सकाळच्या एका वाक्यामुळे. शेजारच्या घरात संध्याकाळी संक्रांतीचे हळदीकुंकू आहे. तिथल्या सूनबाई कुंपणापाशी येऊन सांगून गेल्या, ‘बाई, यंदा तुम्ही यायचं. वाण तुमच्यासाठीही ठेवलंय.’ बाईंनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

प्रत्येक नखाला वेगळा रंग लावून पाहण्याचा बेत आहे. बाटली जोराने हलवायची नसते. बुडबुडे येतात आणि ते नखावर तसेच वाळतात. ती दोन तळव्यांमध्ये धरून फिरवावी लागते. फिरवताना आतून बारीक खडखड ऐकू येते. चमकदार रंगाचे कण जड असतात, ते तळाशी बसतात. ते ढवळले जावेत म्हणून बाटलीत पोलादाच्या एकदोन इवल्या गोळ्या टाकलेल्या असतात. ज्या गावाची सारी ओळखच पोलादाची, तिथल्या बाईला नखाच्या रंगातही पोलादाचा आवाज ऐकू यावा, याची गंमत बाईंना वाटते. त्यांचे यजमान रेल मिलमध्ये होते. हा आवाज त्यांना ऐकवला असता तर ते नक्की हसले असते.

पहिला हात नेहमी निराशा करतो. बाटलीत दाट, भरजरी दिसणारा रंग नखावर पाण्यासारखा पातळ उतरतो आणि खालचे नख दिसत राहते. अधीर माणूस इथे जाड थर देतो आणि फसतो. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पहिल्याच धक्क्याला सुरकुततो. मध्ये एक, दोन्ही कडांना एकेक असे तीनच फटकारे मारावेत, थांबावे, मग दुसरा हात द्यावा. दुसऱ्या हातानंतर नखाच्या पृष्ठभागावर काहीतरी जागे होते. बोट जरा कलते केले की रुपेरी रंगात निळी छटा सरकते; जांभळ्यात तांबूस कड उमटते; हिरवा क्षणभर मोराच्या मानेसारखा होतो आणि लगेच विझतो. साध्या लाल रंगाकडे कुठूनही पाहिले तरी तो लालच असतो. हे रंग मात्र पाहणाऱ्याला हात हलवायला लावतात.

या चमकेचा शोध माणसाने फार पूर्वीपासून घेतला आहे. शिंपल्याच्या आतल्या अंगाला आणि मोत्याला ती निसर्गतः असते. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कारागिरांनी माशांच्या खवल्यांवरची चंदेरी झाक वेगळी काढली आणि तिच्यापासून खोटे मोती केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा अभ्रकाने घेतली. अभ्रकाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर टिटॅनियमच्या ऑक्साइडचा थर चढवला की मोत्याची झाक येते. थराची जाडी बदलली की रुपेरीचा सोनेरी, सोनेरीचा तांबडा, तांबड्याचा निळा होतो. रंगद्रव्य एकच, फरक केवळ जाडीचा. टिटॅनियमऐवजी लोहाचा ऑक्साइड वापरला, तर ब्राँझची आणि तांब्याची झळाळी मिळते.

ओळीतली सातवी बाटली याच तांबूस रंगाची आहे. लोहाचा हा ऑक्साइड म्हणजे काही दूरचे नवल नव्हे. तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू हाच. भिलाईच्या भट्ट्यांना दल्ली-राजहराच्या टेकड्यांतून जे हेमॅटाइट खनिज येते, तेही मुळात हेच. भट्टीत त्यातला प्राणवायू काढून घेतला की लोखंड होते. लोखंड उघड्यावर पडले की प्राणवायू पुन्हा धरून ते गंजते, आणि पुन्हा तोच तांबडेपणा. ज्या फिल्मने हा रंग नखाला चिकटून राहतो ती नायट्रोसेल्युलोजची. ती कापसाच्या तंतूंवर आम्लाची प्रक्रिया करून करता येते. जुन्या मूकपटांची ज्वालाग्राही फीतही याच पदार्थाची असे. बाई मूळच्या वर्ध्याकडच्या, कापसाच्या मुलखातल्या. माहेरचा कापूस आणि सासरचे लोखंड एका इवल्या बाटलीत एकत्र नांदतात, हे त्यांनी वर्गात मुलांना सांगितले असते तर मुलांनी रसायनशास्त्र अधिक आवडीने वाचले असते.

अभ्रकाची गोष्ट मात्र वर्गात सांगायला अवघड आहे. झारखंडातील कोडरमा आणि गिरिडीह या जिल्ह्यांत टाकून दिलेल्या खाणींतून अभ्रकाचा चुरा वेचला जातो. तिकडे त्याला ढिबरा म्हणतात. तो वेचणाऱ्यांत शाळेच्या वयाची मुले असतात, हे गेल्या काही वर्षांत पुन:पुन्हा उजेडात आले आहे. म्हणून काही उत्पादक आता कृत्रिम अभ्रक वापरतात. या दहा बाटल्यांत कोणते आहे, हे बाटलीवर लिहिलेले नाही. ज्या बाईने छत्तीस वर्षे मुलांची हजेरी घेतली, तिच्या नखावर वर्गाबाहेर राहिलेल्या एखाद्या मुलाच्या हातचा चुरा असू शकतो. बाई बोट उजेडात धरतात. चमक तशीच सुंदर दिसते. सुंदर वस्तूला आपल्या जन्माची आठवण नसते. ती पाहणाऱ्याने ठेवायची असते.

भिलाईत बाई आल्या त्या 1976 साली, लग्न होऊन. त्यांच्या वडिलांना हे गाव परके वाटत नव्हते. सोव्हिएत रशियाशी कारखान्याचा करार झाला तेव्हा, 1955 साली, दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती. पुढच्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख भोपाळशी जोडला गेला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशभरची माणसे इथल्या सेक्टरांमध्ये येऊन राहिली. एका भिंतीला भिंत लावून मल्याळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी घरे. बाजारात हिंदी, कामवालीशी छत्तीसगढी, आणि दार लावून घेतले की मराठी. अशा गावात प्रत्येक समाज आपल्या रीती जपतो, किंबहुना मूळ गावातल्यापेक्षा जरा जास्तच जपतो. वर्ध्यात सैल झालेले नियम भिलाईत ताठ राहिले, कारण ते सोडले तर आपल्यापाशी आपले म्हणून काय उरले, अशी भीती होती.

त्या काळी नेलपॉलिश ही चर्चेची गोष्ट होती. टाटांनी 1952 साली लॅक्मे काढल्यापासून देशी बाटली मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली होती, तरी मास्तरणीने ती वापरावी असे कोणाला वाटत नसे. बाईंना स्वतःलाही वाटत नव्हते. दर सोमवारी प्रार्थनेनंतर त्या मुलींची नखे तपासत. रंग दिसला की तो तिथल्या तिथे खरवडायचा, हा शाळेचा नियम होता आणि त्यांनी तो निष्ठेने पाळला. 1980 च्या दशकातली एक सातवीतली मुलगी त्यांना अजून आठवते. मावशीच्या लग्नाहून ती परतली होती आणि दहाही नखांवर चंदेरी चकाकी होती. बाईंनी तिला वर्गासमोर उभे करून पट्टीच्या कडेने ती खरवडायला लावली. मुलगी रडली नाही. पुढचे कितीतरी सोमवार तपासणीच्या वेळी ती मुठी मिटूनच हात पुढे करी आणि उघड म्हटल्यावर एकेक बोट उघडी. स्वच्छतेच्या नावाखाली आपण तिच्याकडून काय काढून घेतले, हे त्या वेळी बाईंना कळले नाही. कळण्यासाठी स्वतःचे हात रिकामे व्हावे लागले.

निवृत्तीनंतर, मुलीच्या आग्रहाने, बाई फिकट गुलाबी रंग लावू लागल्या होत्या. यजमान थट्टा करीत, पण बाजारात गेले की बाटली तेच आणीत. मग 2021 चा एप्रिल आला. भिलाईच्या कारखान्यातून द्रवरूप प्राणवायूचे टँकर रुग्णालयांकडे जात होते, आणि गावात घराघरांतून बोटाला लावायचे ते लहान यंत्र आले होते. नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो, रंग काढून मग मोजावे, असे सोबतच्या कागदावर छापले होते. एका रात्री दोघांनाही ताप होता. बाईंनी आधी आपली दहाही नखे पुसली, मग यंत्र लावले. त्यांचा आकडा ठीक होता. यजमानांच्या नखांवर पुसण्यासारखे काही नव्हते, आणि त्यांचा आकडा उतरत होता. मे महिन्यात ते गेले. पोलाद करताना ज्या प्राणवायूशिवाय भागत नाही, तो आयुष्यभर त्यांच्या आसपास नळांतून वाहत होता. अखेरीस त्यांच्या छातीला तो पुरला नाही.

त्यानंतर जे घडते ते घडले. कोणी सक्ती केली नाही. आलेल्या बायकांनी फक्त पाहिले, आणि त्या पाहण्यापुढे कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या आपोआप उतरल्या. मराठी बाईच्या अंगावरचा जवळजवळ प्रत्येक रंग सौभाग्याच्या हिशेबात धरलेला आहे. कुंकू त्याचे, चुडा त्याचा, मेंदी त्याच्या निमित्ताची. तो हिशेब मिटला की रंगही परत द्यावे लागतात. नेलपॉलिश मात्र या हिशेबात कुठेच नाही. ते कुठल्या व्रतात सांगितलेले नाही आणि कुठल्या शोकात वर्ज्य केलेले नाही. ते कोणी ओटीत घालीत नाही, म्हणून ते कोणी परतही मागू शकत नाही. तरीही बाईंनी तो गुलाबी रंग पुन्हा लावला नव्हता. न मागितलेलेही त्यांनी देऊन टाकले होते.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष होते. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. बाईंनी ती बातमी वाचून कात्रण काढून ठेवले. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 चा. कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो 1893 साली. आणि बांगडी हातातच राहू द्यावी एवढे म्हणायला गावाला 2022 उजाडावे लागले. ठराव गावाचा असतो, पण तो पाळायचा असतो एकेका हाताने, एकेका दारात. शेजारच्या सूनबाईंनी तो ठराव वाचला असेल की नाही, कोण जाणे. त्यांनी वाण मात्र ठेवले आहे.

दहाही नखे रंगवून झाली आहेत. बाई दोन्ही हात खिडकीत पसरून धरतात. निळा फारच उठून दिसतो. हिरवा वयाला शोभत नाही, असे मनात येते, आणि मग हे मत आपले की त्या बायकांच्या नजरेचे, असाही प्रश्न येतो. सोनेरी लग्नघरातला वाटतो. रुपेरीवर नजर थांबते ती त्या सातवीतल्या मुलीमुळे. तो त्या बराच वेळ पाहतात. शेवटी बोळा भिजवून एकेक नख पुसले जाते. कापसावर सगळे रंग मिसळून एक करडा, चमचमणारा डाग उरतो. मग सातवी बाटली तळव्यांत फिरवली जाते, गोळ्या खडखडतात, गेरूच्या कुळातला तो तांबूस रंग दहाही नखांवर चढतो, आधी पातळ, मग भरीव.

आता वीसएक मिनिटे हातांनी काही करायचे नसते. भांडे उचलायचे नाही, पदर सावरायचा नाही, फोन आला तरी घ्यायचा नाही. घरातल्या बाईचे हात जागेपणी इतका वेळ रिकामे क्वचितच राहतात. बाई खुर्चीत स्वस्थ बसून राहतात. उजेड हळूहळू उतरतो आणि नखांवरची झाक तांब्याकडून विटेकडे झुकते.

शेजारच्या घरातून बायकांचे आवाज येऊ लागतात. बाई उठतात, बोटांची पेरे जपत कडी काढतात, तिळगुळाचा डबा घेतात आणि बाहेर पडतात. कुंपणाच्या फाटकापाशी सूनबाई करंडा हातात घेऊन उभ्या आहेत. बाई मुठी न मिटता दोन्ही हात पुढे करतात.