बेगमी

आपल्याकडच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणण्याची रीत आहे. प्राणिशास्त्रात या नावाला आधार नाही. रावस आणि सामन ही दोन निराळी कुळे आहेत. सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीसाठी पुन्हा आपल्या जन्मनदीत परततो. पॅसिफिक महासागरातला सामन विणीनंतर मरतो. त्यामुळे त्याच्या काठाने राहणाऱ्या माणसांचे वर्ष या परतीच्या काही आठवड्यांभोवती बांधलेले असते. वरवरच्या साम्यावरून दिलेल्या नावात हा संदर्भ हरवून जातो, आणि मला लिहायचे आहे ते त्या संदर्भाविषयीच.

अलास्कातली यूकॉन ही नदी सुमारे ३,००० किलोमीटर लांबीची. कॅनडात उगम पावून ती बेरिंग समुद्राला मिळते. तिथला चिनूक सामन मुखापासून कॅनडातल्या विणीच्या जागांपर्यंत प्रवाहाविरुद्ध जातो, आणि एकदा नदीत शिरला की काही खात नाही. हा सारा प्रवास तो समुद्रात साठवलेल्या चरबीवर करतो. वाट जितकी लांब तितकी शिदोरी अधिक. म्हणून यूकॉनचा चिनूक विशेष स्निग्ध असतो. म्हणजे हिवाळ्यासाठी माणूस जो मासा साठवतो, त्या माशानेही आपली बेगमी करून ठेवलेली असते. एका बेगमीवर दुसरी बेगमी उभी राहते.

२०१६च्या जुलैत फेअरबँक्सला बहिणीकडे गेले असताना तिच्याबरोबर निनाना या गावी जाण्याचा योग आला. यूकॉनला मिळणाऱ्या टनाना नदीवरचे हे गाव. तिथे नदीत चाललेले मत्स्यचक्र पाहिले आणि मला आपला रहाट आठवला. फरक इतकाच, की याला गाडग्यांऐवजी मोठ्या टोपल्या असतात आणि बैलाऐवजी प्रवाह ते फिरवतो. हिमनद्यांच्या गाळाने पाणी इतके गढूळ असते की माशाला समोरची टोपली दिसत नाही. तो वर उचलला जातो आणि घसरत बाजूच्या पेटीत पडतो.

खरे काम त्यानंतरचे. डोके आणि आतडी काढून माशाच्या दोन बाजू अशा चिरायच्या की त्या शेपटीशी जोडलेल्या राहतील, म्हणजे दांडीवर टांगता येतात. मग मांसाला आडव्या चिरा द्यायच्या, पण कातडी कापू द्यायची नाही. वाळवण घाईने झाले तर वरचा थर कडक होतो आणि आत ओल राहून मासा नासतो. उशीर झाला तर माश्या बसतात. म्हणून आधी वारा, मग मंद, थंड धूर. लाकूडही ठरलेले, अल्डरचे किंवा कॉटनवुडचे. तिथली एक वृद्ध बाई हे सगळे जवळजवळ न बोलता करत होती. शेजारी बसलेल्या नातीचा हात चुकला की ती फक्त आपला हात तिच्या हातावर ठेवी. तेवढ्याने सुरीचा कोन बदले.

कोकणातल्या माझ्या आजीच्या घरी आगोटीपूर्वी सुके बोंबील, सोडे, सुकट डब्यांत भरली जात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागायच्या आणि घर त्या डब्यांवर चालायचे. ‘आगोट’ हा शब्द मृगाच्या तोंडावरचा काळही सांगतो आणि त्या काळाची तरतूदही. ऋतू आणि सामान यांना एकच शब्द पुरतो, कारण जगण्यात ती दोन वेगळी नव्हती. यूकॉनच्या मुखाकडे राहणाऱ्या युपिक लोकांच्या भाषेत ‘नेका’ म्हणजे मासा, आणि ‘नेका’ म्हणजेच अन्न. असा शब्द तयार व्हायला किती पिढ्यांची एकच थाळी लागत असेल!

ही थाळी आता रिकामी आहे. चिनूकची संख्या पुष्कळ वर्षे घटत होतीच. २०२१ मध्ये चम जातीचा सामनही कोसळला आणि यूकॉनवर या दोन्ही माशांची निर्वाहापुरती मासेमारीदेखील बंद झाली. तापलेला समुद्र, तापलेली नदी, माशांतला रोग, बेरिंग समुद्रातल्या ट्रॉलरांच्या जाळ्यांत नकळत अडकणारा सामन, अशी अनेक कारणे सांगितली जातात. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर कडवट वाद आहेत. एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी चिनूकची मासेमारी सात वर्षे थांबवण्याचा करार केला. सात वर्षे म्हणजे त्या माशाचे एक पूर्ण जीवनचक्र. कॅनडात परतणाऱ्या चिनूकची संख्या ७१,००० व्हावी, हे उद्दिष्ट आहे.

मासा वाचायला हवा, याविषयी दुमत नाही. अन्नाची तूट काही अंशी भरूनही काढता येते. दुसऱ्या भागांतला गोठवलेला सामन विमानाने यूकॉनकाठच्या गावांत पोहोचवला गेला आहे. हिवाळा त्यावर काढता येईल. पण तो मासा कापायला नदीकाठच्या तळावर कुणी जमत नाही. कोणत्या वाऱ्यात टांगावे आणि कोणत्या धुराला थांबवावे, हे गोठवलेला मासा शिकवू शकत नाही. बेगमी या शब्दात साठा असतो तसा साठवणाराही असतो. साठा बाहेरून आणता येतो, साठवणारा मात्र त्या कामातूनच घडतो.

भाषा शिकवणाऱ्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. वापरातून गेलेले शब्द आपण कोशांत नोंदवून ठेवतो आणि ते करायलाच हवे. ‘आगोट’ वर्गात फळ्यावर लिहिला की विद्यार्थी त्याचा अर्थ वहीत उतरवून घेतात. पण अर्थ उतरवून घेणाऱ्याला डबा कधी उन्हात काढायचा हे कळत नाही. सामन चिरण्याची चित्रफीतही करता येईल. सुरीचा कोन बदलणारा हात तिच्यात नसेल.

करारातली सात वर्षे माशाच्या आयुष्यावरून मोजली आहेत. माणसाच्या बाजूने मोजायचे तर, २०२४ मध्ये आठ वर्षांची असलेली मुलगी ही मुदत संपेल तेव्हा पंधरा वर्षांची असेल, आणि सत्तरीतली तिची आजी, असलीच तर, ऐंशीच्या घरात. तोवर चिनूक परतेलही. त्या उन्हाळ्यात पहिला मासा फळीवर ठेवल्यावर मुलीच्या हातावर हात ठेवायला कोण असेल, याचे उत्तर कोणत्याही करारात लिहिता येत नाही.