चुकलेला ठोका

यंत्राविषयी लिहिण्याचा मला काडीइतकाही अधिकार नाही. उभा जन्म खडू-फळ्यात गेला. तथापि गेल्या पावसाळ्यात माझ्या लहानशा गाडीने मला जो घोर लावला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

गाडी १९९६ सालची मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी प्रथम रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे घरातील तरुण मंडळींच्या लेखी ती आणि तिचा मालक एकाच काळातील अवशेष. इंजिन अवघे ७९६ घन सेंटिमीटरचे, सिलिंडर तीन. आषाढ लागला आणि ती सकाळी अडखळू लागली. चालू होई, पण उभ्या जागी थरथरे. वेग मागितला की झटके देई. दुपारी ऊन पडले की जणू काही झालेच नव्हते! गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. याहून नेमका मराठी शब्द काही मला सापडला नाही. तबलजीकडून दर आवर्तनात एकच मात्रा गळावी, तसा तो प्रकार होता.

मी निदान करून टाकले : पेट्रोलमध्ये पाणी! नेहमीच्या पंपावर जाऊन तेथील विशी-बाविशीच्या मुलाला चारचौघांत नको ते बोललो. तो खाली मान घालून उभा राहिला. ते मला कबुलीजबाबासारखे वाटले. मग कार्ब्युरेटर साफ करून घेतला, तिन्ही प्लग नवे बसविले. दोन दिवस गाडी उत्तम चालली आणि मी स्वतःवर खूश झालो. त्या दोन दिवसांत पावसाने उघडीप दिली होती, हे माझ्या ध्यानातही आले नाही. कार्यकारणभाव आम्ही वर्गात शिकवतो, तो असा!

तिसऱ्या रात्री नऊच्या सुमारास गावाहून फोन आला. आमचे गाव जांबोटीच्या वाटेवर. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला दम लागला होता. मी एकटाच निघालो. पिरनवाडी मागे पडली, पावसाने झोड उठवली, आणि एका चढावर गाडीने तीन-चार आचके देऊन मान टाकली. त्या अंधारात मी अर्धा तास उभा होतो. त्या अर्ध्या तासात मनात काय काय येऊन गेले, ते लिहिण्याची आजही छाती होत नाही. अखेर दुधाच्या एका टेंपोवाल्याने मला पोहोचविले. डॉक्टर येऊन गेले होते, आई उशीला टेकून बसली होती. मला पाहताच म्हणाली, “केवढा भिजलास रे!”

दुसऱ्या दिवशी मुलांनी निकाल दिला : गाडी विका. मी मात्र ती दोराने ओढत उद्यमबागेतील एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. “सर, आधी बघूया की. बदलायचं मागनं.” मग विचारले, त्रास सकाळी की संध्याकाळी? इंजिन थंड असताना की तापल्यावर? पाऊस असताना की नसताना? हे प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. मीही स्वतःला विचारले नव्हते. “कोरड्या गाडीत हा आजार दिसायचा नाही,” म्हणून त्यांनी ती रात्रभर उघड्यावर ठेवली आणि मला सकाळी सातला बोलावले.

इंजिन थरथरत चालू होते. रबरी मुठीच्या पकडीने त्यांनी पहिल्या प्लगची वायर उपटली. इंजिन आणखी खचले. म्हणजे पहिला कामावर होता. ती जागच्या जागी लावून तिसरी काढली, पुन्हा तेच. दुसरी काढली, तर आवाजात तिळमात्र फरक नाही! ज्याच्या जाण्याने काहीच बिघडत नाही, तोच काम करीत नाही. (ही परीक्षा काही कचेऱ्यांतून घेता आली तर?) दुसऱ्या सिलिंडरचा प्लग बाहेर काढला, तो पेट्रोलने ओला. इंधन येत होते, ठिणगी पडत नव्हती. पंपावरचा मुलगा त्याच क्षणी निर्दोष ठरला.

पुढे पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगांची अदलाबदल केली; दोष प्लगाबरोबर गेला नाही, दुसऱ्यातच राहिला. भोकावर अंगठा धरून इंजिन फिरविले. दाब चांगला होता. वायर बदलून पाहिली, फरक नाही. उरले डिस्ट्रिब्यूटरचे टोपण. ते उलटे करून त्यांनी माझ्या हाती दिले. आत शिसपेन्सिलीने ओढावी तशी केसाएवढी काळी रेघ होती. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइल कित्येक हजारांवर नेते, तेव्हा कुठे प्लगाच्या फटीतून ठिणगी उडते. टोपणाला तडा गेला, त्यात ओल शिरली, की विजेला ती फट ओलांडण्यापेक्षा ही वाट सोपी पडते. ती जाता-जाता काजळी मागे ठेवते आणि वाट अधिकच रुळते. मिनिटाला ९०० फेऱ्या धरल्या, तर तीन सिलिंडरांत मिळून १३५० ठोके पडायला हवेत. माझ्या गाडीचे त्यातले साडेचारशे त्या रेघेवर वाया जात होते.

नव्या गाड्यांत वायर उपटण्याचा हा प्रयोग मात्र कुणी करू नये. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील उत्प्रेरकात जाऊन तो महागडा भाग जळतो. त्यांना यंत्र जोडले की कोणता सिलिंडर चुकतो, ते पडद्यावर दिसते. का चुकतो, ते तेथेही शोधावेच लागते.

टोपण बदलायला दहा मिनिटे लागली. येत्या रविवारी गावी जायचे म्हणून आदल्या संध्याकाळी मी पेट्रोल भरायला गेलो. तोच मुलगा होता. खाली उतरून म्हणालो, “परवा तुम्हाला बोललो, ती माझी चूक होती. पेट्रोल चांगले होते.”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. “कधी, सर? रोज कोण ना कोण बोलतंयच की,” तो म्हणाला आणि नळी उचलून यंत्राकडे बोट केले. “शून्य बघा, सर.”