पोटजातीचा रकाना

आमच्या मानववंशशास्त्रात गावी निघताना बरोबर न्यावयाच्या वस्तूंची फेरिस्त लहानच असे: डोकी मोजण्याचा कॅलिपर, वंशावळीची वही आणि आगाऊ आखून ठेवलेले तक्ते. कॅलिपर त्यांतल्या त्यात निरुपद्रवी (खानेसुमारीवाल्या रिस्लेसाहेबांच्या हाती तोही निरुपद्रवी राहिला नव्हता); घात होतो तो तक्त्यात, कारण पंडितांचा वाद त्याच्या रकान्यांत आधीच मुकाट्याने येऊन बसलेला असतो.

माझ्या तक्त्यात 'जात' या रकान्याशेजारी 'पोटजात' असा रकाना होता. आणि मूळ जात एक, पुढे ती फुटली व तिच्या पोटी या शाखा निपजल्या, असा एक समग्र सिद्धान्त त्या शब्दाच्याच पोटात दडलेला आहे, ही शंका मला कधी शिवली नव्हती. एका बाजाराच्या गावी एका वृद्ध कुंभाराची वंशावळ मी लिहून घेत होतो. चार पिढ्यांच्या सोयरिकी त्यांनी भराभर सांगितल्या. पोटजात विचारताच मात्र हातातले थापटणे थांबले.

"पोटजात कसली, रावसाहेब? आम्ही थोरचाके. खालच्या आळीचे ते लहानचाके. त्यांचं चाक वायलं, सोयरीक वायली. ते आमच्या पोटचे न्हाईत, आन् आम्ही त्यांच्या."

समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात, व्यवहारात पोटजात हीच खरी जात समजावी, असे म्हटले होते. परंतु ती फुटून झाली, की मुळापासूनच निराळी होती, हा प्रश्न उरतोच, आणि तेथे त्यांच्याच शिष्या इरावतीबाई कर्वे गुरूंपासून दूर गेल्या. जात म्हणजे सोयरसंबंधांनी विणलेला विस्तृत आप्तसमूह, आणि 'कुंभार' हे अशा अनेक स्वतंत्र समूहांना समान धंद्यामुळे मिळालेले सामायिक नाव, असे त्यांनी १९६१ च्या 'हिंदू सोसायटी'त मांडले, तेही कुंभारांच्या निरनिराळ्या चाकांचा दाखला देऊन. मला बाईंचा पक्ष अधिक पटतो. अर्थात भांडणाने वा बहिष्काराने जात फुटल्याची उदाहरणेही आहेत, आणि ती त्या म्हाताऱ्याच्या जबानीने खोटी ठरत नाहीत.

त्या संध्याकाळी रकान्याच्या मथळ्यातील 'पोट' मी पेन्सिलीने खोडले. कचेरीत तक्ते दाखल झाले तेव्हा जुन्या खानेसुमारीशी मेळ बसावा म्हणून कारकुनाने ते तांबड्या शाईने पुन्हा लिहिले, आणि छापील अहवालात थोरचाके ही कुंभारांची पोटजात म्हणूनच गेली.