वारीची दैनंदिनी: दंडावरचा सेन्सर आणि पंढरीची वाट

पहिला दिवस, आळंदी

मागच्या भागात पायाच्या फोडांविषयी लिहिलं. या भागाचा विषय दंडावर चिकटवलेला शुगरचा सेन्सर. साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड अशी ही पांढरी चकती. तिच्याखाली केसासारखा बारीक, साधारण पाच मिलिमीटर लांबीचा तंतू कातडीत शिरलेला असतो आणि पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजत राहतो. या सगळ्याला धरून ठेवते ती फक्त चकतीखालची चिकटपट्टी. वारीत हा सेन्सर निघून येतो तेव्हा दोष घाटाला, पावसाला किंवा माणसाच्या धसमुसळेपणाला दिला जातो. माझं म्हणणं असं आहे की सेन्सर पडतो दिवे घाटात किंवा नीरेकाठी, पण त्याचं पडणं बहुतेक वेळा ठरलेलं असतं तो चिकटवला त्या पहिल्या दहा मिनिटांत आणि त्यानंतरच्या पहिल्या रात्रीत. या पट्टीचा चिकटा दाबाने धरतो आणि हळूहळू कातडीच्या सूक्ष्म रेषांमध्ये उतरत जातो. लावल्यावर तासाभरात त्याची पकड जेवढी असते, त्याहून दुसऱ्या दिवशी अधिक असते. म्हणून प्रस्थानाच्या सकाळी, इंद्रायणीत आंघोळ करून, ओल्या अंगाने आणि गडबडीत लावलेला सेन्सर पंढरपूरला पोचेल ही अपेक्षाच चूक आहे. तो निघण्याच्या किमान एक दिवस आधी, घरी, पंख्याखाली बसून लावायचा. लांबच्या प्रवासाला निघताना अंगाला खोबरेल चोळायची आपली जुनी सवय आहे, ती त्या दिवशी दंडापुरती सोडायची. साध्या साबणाने दंड धुवायचा. मलईदार साबण नको, क्रीम नको, पावडर नको. पाणी पुरतं सुकलं की स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं आणि तेही आपोआप उडून जाऊ द्यायचं, फुंकर मारायची नाही. चकती बसली की तळहात तिच्यावर मिनिटभर धरून ठेवायचा. हाताची ऊब आणि दाब या दोन्ही गोष्टींनी चिकटा पसरतो, आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

तिसरा दिवस, पुण्याचा मुक्काम

मुक्कामाच्या दिवशी आक्षेपांचा विचार करायला सवड आहे. पहिला आक्षेप असा: एवढं करण्यापेक्षा कंपन्यांनी चिकटाच जोरकस का करू नये? याचं उत्तर कातडीत आहे. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो सतत झडत असतो. साधारण दोन आठवड्यांत तो बदलून जातो. आपल्याकडे सहज मिळणारे दंडावरचे सेन्सर १४ दिवसांचे आहेत. म्हणजे ज्या थराला आपण पट्टी चिकटवतो तो थरच शेवटच्या दिवसांत जागा सोडत असतो. चिकटा कितीही पक्का केला तरी तो ज्या भिंतीला धरून आहे तिचा गिलावाच सुटत चालला आहे. आणि पक्केपणाची किंमत कातडी मोजते. एका सेन्सरखाली उठणाऱ्या खाजऱ्या, लाल चट्ट्यांचं मूळ आयसोबॉर्निल अॅक्रिलेट या घटकात सापडल्याचं त्वचातज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलं. एकदा अशी अॅलर्जी जडली की पुढच्या प्रत्येक वेळी ती उफाळते, आणि मग सेन्सर वापरणंच अवघड होतं. घरातला झटपट चिकटणारा गोंद कडेने लावावा असाही सल्ला कोणी कोणी देतं. तो कधीही मानू नये. तो गोंद कातडी भाजतो, सोलून काढतो, आणि पुढचे कित्येक दिवस तिथे काहीच लावता येत नाही.

चौथा दिवस, पुणे ते सासवड

माउलींच्या पालखीचा हा सर्वांत लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यात दिवे घाटाची चढण. पट्टीची खरी परीक्षा आज. घाम वरून येत नाही, खालून येतो. पट्टीखालच्या घामाच्या ग्रंथी काही थांबलेल्या नसतात. त्यांचं खारट पाणी चिकटा आणि कातडी यांच्या मध्ये साचतं, कड उचलते, उचललेल्या कडेला रस्त्याची धूळ आणि सदऱ्याचे तंतू चिकटतात, आणि तेवढी जागा कायमची निकामी होते. पावसात अंगावर घेतलेला प्लास्टिकचा कागद बाहेरचं पाणी अडवतो आणि आतला घाम कोंडतो. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, तिचा विचार माहितीपत्रकं करत नाहीत. दंडाची मागची बाजू म्हणजे नेमकी पोलक्याच्या बाहीची कड बसते ती जागा. डोक्यावर तुळस घेतलेली बाई दोन्ही हात वर धरून कोसच्या कोस चालते तेव्हा दंडाची कातडी ताणली जाते आणि बाहीची कड दर पावलाला चकतीच्या काठाला घासते. तिच्यासाठी सेन्सर बाहीच्या पुरता खाली किंवा पुरता आत बसेल असा, हात वर करून पाहून लावायला हवा. झोळीचा पट्टा ज्या खांद्यावर, त्या बाजूचा दंड टाळावा हेही तितकंच खरं.

यावर कोणी म्हणेल, शेकडो वर्षं वारकरी सेन्सरशिवाय चालत आले. पडला तर पडला, एवढं काय त्याचं? हा आक्षेप मला हलक्यात घ्यावासा वाटत नाही, कारण त्यामागे श्रद्धा आहे. पण इन्शुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसाची साखर दिवसभराच्या चालीने झपाट्याने उतरू शकते. साखर उतरल्याची लक्षणं कोणती? दरदरून घाम, हातापायांना कंप, पोटात खड्डा, डोळ्यांपुढे अंधारी. आता दिवे घाट चढणाऱ्या धडधाकट माणसाकडे पाहा; त्यालाही घाम आहे, कंप आहे, भूक आहे. जिथे दुखणं आणि थकवा एकाच रूपात येतात तिथे आकडा लागतो. शिवाय थकलेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढून आपला साठा भरत राहतात, त्यामुळे धोका मुक्कामी पोचल्यावर संपत नाही, झोपेतही असतो. झोपलेल्या माणसाला लक्षणं जाणवतीलच असं नाही. निव्वळ मेटफॉर्मिनवर असलेल्याला हा धोका बराच कमी. त्याने सेन्सर पडला म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

सहावा दिवस, जेजुरी

मग ग्लुकोमीटर का पुरत नाही, असा प्रश्न येतो. तो पुरतो, आणि तो जवळ हवाच. सेन्सरची किंमत चार-पाच हजारांच्या घरात जाते आणि दोन आठवड्यांत तो संपतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि दिंडीत चालणाऱ्या कष्टकऱ्याला हा खर्च दर महिन्याला झेपणारा नाही. त्याच्यासाठी बोट टोचणं हाच मार्ग. फक्त बोट धुतलेलं हवं. भंडाऱ्याने पिवळे झालेले, प्रसादाचं केळं किंवा गूळ हाताळलेले हात तसेच टोचले तर बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा खोटा वाढतो. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा.

आठवा दिवस, नीरा ते लोणंद

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान होतं आणि वारकरीही नदीत उतरतात. दंडावरचे बरेच सेन्सर एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं राहू शकतात असं सांगितलेलं असतं. हे वचन यंत्राच्या आतल्या भागाविषयी आहे, चिकट्याविषयी नाही, आणि इथेच माणसं फसतात. बुडी मारून काही होत नाही; बुडीनंतर पंचाने खसाखसा अंग पुसताना चकती उपटली जाते. तिथे पंचा नुसता टेकवावा. वरून पट्टी लावायची असेल तर तीही नियमाने: पहिल्या दिवशी, कोरड्या कातडीवर, मधोमध भोक असलेली, कोपरे गोल कापलेली. काही चकत्यांच्या मध्यावर बारीक छिद्र असतं, ते झाकायचं नसतं. कड सुटल्यावर, ओल्या अंगावर, हवाबंद प्लास्टिकची पट्टी फासली तर आत घाम कोंडतो आणि जे चार दिवसांनी व्हायचं ते दुसऱ्याच दिवशी होतं.

अकरावा दिवस, फलटण

इथे साधं गणित मांडू. आळंदीहून पंढरपूर म्हणजे सतरा-अठरा दिवस. तिथीप्रमाणे एखादा मुक्काम कमी-जास्त. सेन्सर १४ दिवसांचा, त्यात निघण्याआधीचे एक-दोन दिवस गेले. म्हणजे सगळं नीट झालं तरी तो फलटण-बरडच्या आसपास संपतो आणि दुसरा वाटेतच लावावा लागतो. मोठं मेडिकल, पक्कं छत, वीज आणि धुवायला स्वच्छ पाणी एकत्र मिळण्याची शक्यता फलटणसारख्या गावात जास्त. त्यामुळे पहिल्याचा एखादा दिवस शिल्लक असला तरी तो सोडून द्यावा आणि संध्याकाळी, अंग गार झाल्यावर, दुसऱ्या दंडावर नवा लावावा, म्हणजे पकड घ्यायला त्याला सबंध रात्र मिळेल. पैसे वाया जातात हे खरंच आहे. पण बरडच्या रस्त्यावर घामाघूम दंडावर लावलेला नवा सेन्सर अख्खाच वाया जाण्याची शक्यता त्याहून मोठी आहे.

पंधरावा दिवस, वेळापूर

सेन्सर पूर्ण पडला तर निदान कळतं. अर्धवट सुटलेला अधिक घातक. पट्टी धरून आहे, फोनवर आकडा येतो आहे, पण तंतू दोन मिलिमीटर वर सरकलेला; तो आता भलतंच काही मोजतो. सुटू नये म्हणून दंडावर घट्ट क्रेप बँडेज बांधलं तरी तीच गत. दाबाखाली तिथला द्रव फिरत नाही आणि आकडा खोटा उतरतो. राहुटीत सतरंजीवर त्याच कुशीवर झोपलेल्या माणसाचा आकडाही असाच मध्यरात्री घसरतो, फोन वाजतो, आणि अर्धवट झोपेत तो नको असलेली साखर खातो. म्हणून बांधायचंच तर दोन बोटं आत जातील इतकं सैल. निघालेला तंतू पुन्हा आत ढकलायचा नाही. तो निर्जंतुक राहिलेला नसतो आणि मोजमापही लागत नाही. आकडा एक सांगतो आणि अंग दुसरं, अशी वेळ आली की अंगावर विश्वास ठेवून बोट टोचावं. माणूस थरथरतो आहे आणि मोजायला वेळ किंवा साधन नाही, तर आधी साखर द्यावी आणि मग मोजावं.

अठरावा दिवस, पंढरपूर

चंद्रभागेच्या वाळवंटात पोचल्यावर जुन्या दंडाकडे एकदा पाहावं. चकतीच्या कडेचा काळा चिकटा तिथे अजून असतो. नख लावून तो खरवडू नये. घरून निघताना दूर ठेवलेलं खोबरेल आता काढावं, बोटभर लावून पाच मिनिटं थांबावं आणि कापडाने टिपून घ्यावं. ती जागा महिनाभर मोकळी ठेवावी. उद्या एकादशी. उपासाच्या दिवशी इन्शुलिन आणि गोळ्यांचं प्रमाण काय ठेवायचं हे डॉक्टरांना आळंदीला निघण्याआधीच विचारून कागदावर लिहून घेतलेलं असावं, आणि तो कागद ग्लुकोमीटरच्या डबीत, प्लास्टिकच्या पिशवीत.