बावीस पायऱ्या

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दोन वह्या आहेत. एक हजेरीची. ती जाडजूड, लाल कापडी पाठीची. तिचे सगळ्यांना मोठे कौतुक. दुसरी साधी शंभर पानी, पोरांच्या दप्तरात शोभेल अशी. तिच्यात जे येत नाहीत त्यांची नावे असतात. महिनाभर कोणी फिरकला नाही की त्याचे नाव या दुसऱ्या वहीत उतरते आणि आमच्यापैकी कोणीतरी त्याच्या दाराशी जाऊन उभा राहतो. शाळामास्तराचे हजेरीचे वेड निवृत्तीनंतरही सुटत नाही. तेवढ्यासाठीच बहुधा ही वही माझ्या गळ्यात पडली.

असे संघ पुण्याला नवे नाहीत. पेठापेठांतून आणि उपनगरांतून ते आहेत. महाराष्ट्रातल्या अशा संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ १९८० साली निघाला. त्याच्याही आधी, १९७३ साली, फ्रान्समधल्या तुलूझ शहरात उतारवयातल्या माणसांसाठी एक विद्यापीठच सुरू झाले होते. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस जगभर १९९१ पासून पाळतात. त्या दिवशी आम्हीही शाल-श्रीफळ देतो. पण सत्काराला येतात ते हिंडते-फिरते म्हातारे. जे येत नाहीत त्यांची शाल घडी करून कपाटात ठेवावी लागते.

दुसऱ्या वहीतले माझ्या वाट्याचे एक नाव होते तात्यांचे. वय एक्याऐंशी. सदाशिव पेठेत, आमच्यापासून तिसऱ्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर राहणारे. जिना लाकडी, अरुंद, बावीस पायऱ्यांचा. पत्नी जाऊन चार वर्षे झालेली. मुलगी कोथरूडला, ती रोज फोन करते आणि रविवारी येते. खाण्यापिण्याची ददात नाही. मी दर गुरुवारी चार वाजता जायचो. महिन्याच्या कार्यक्रमांचा कागद त्यांच्यापुढे ठेवायचो. व्याख्यान, भजन, वाढदिवस, आळंदीची सहल! तात्या चहा करायचे, कागद नीट वाचायचे, घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवायचे आणि म्हणायचे, “बघू.”

चार महिने हे ‘बघू’ ऐकल्यावर मी हात टेकले. वहीत त्यांच्या नावापुढे शेरा मारला, “उत्साह नाही.” आयुष्यभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर असलेच शेरे मारीत आलो; एक आणखी मारताना हात कशाला अडखळतो?

आषाढात भाजी घेऊन परतताना माझा पाय घसरला आणि घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. पहिला आठवडा मजेत गेला. संघाची मंडळी केळी घेऊन आली, विनोद झाले. प्लास्टर निघाले, डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितले, आणि गंमत अशी की मग माझे पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. सोळा पायऱ्या उतरायच्या. पावसाळ्यात संध्याकाळी जिन्यात अंधार. रिक्षात चढताना कोणाचा तरी हात मागायचा. सभा दोन तासांची, आणि मधेच उठायची वेळ आली तर काठी टेकीत सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढायची. यातले एकही कारण मोठे नव्हते. पण कोणाजवळ बोलून दाखवावे तर लाज वाटे. चिटणीसांचा फोन आला, “मास्तर, कधी येताय?” माझ्या तोंडून उत्तर गेले, “बघू.”

फोन ठेवला आणि तो शब्द कानात तसाच राहिला.

पुढच्या गुरुवारी दुपारी दार वाजले. सूनबाईने उघडले. दारात तात्या! घामाने डबडबलेले, कठड्याला धरून उभे. आपल्या बावीस उतरून माझ्या सोळा चढून आले होते. बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, “गुरुवारी दोन कप चहा टाकायची सवय लागली हो मास्तर. एक कप रोज ओतून द्यायचा म्हणजे... शेवटी दूधवाल्याला विचारलं, तेव्हा कळलं.”

माझी वही टेबलावरच होती. त्यांनी ती ओढली आणि आपले नाव काढले. शेरा वाचला. मला कुठे पाहावे कळेना.

“अहो, उत्साह नाही कोण म्हणतो?” ते शांतपणे म्हणाले. “मला ऐकू येत नाही. तीस वर्षं छापखान्यात काढली, यंत्रांनी कान नेले. तुमच्या व्याख्यानाला आलो होतो की दोनदा. सगळे हसले की मीही हसायचो, जरा उशिरानं. शेजारच्यानं वळून पाहिलं. त्या दिवसापासून नको म्हटलं. तुम्ही दर खेपेला कार्यक्रम सांगितलेत. काय अडतं, हे एकदाही विचारलं नाहीत.”

खरे होते. चार महिने मी त्यांच्याशी मोठ्याने बोलत होतो. ते माझ्या ओठांकडे बघत होते. तरी मला समजले नव्हते! साठीपुढच्या माणसांत शेकडा पंचवीसांहून अधिकांना अडचण व्हावी इतका बहिरेपणा असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आमच्या सभेत दर चार खुर्च्यांमागे एकावर तात्या बसलेले असणार आणि उशिरा हसत असणार.

तात्यांनी माझे पेन घेतले. प्रुफात चुकीचा शब्द काढताना करतात तशी खूण त्या शेऱ्यावर केली आणि समासात जुळाऱ्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले, “ऐकू येत नाही.”

तेव्हापासून त्या वहीत एक नवा रकाना आहे : काय अडते? उत्तरे वाचून हसू येते आणि रडूही. कोणाला जिन्यातला दिवा, कोणाला दाराजवळची खुर्ची, कोणाला परतताना सोबत. एका आजींकडे बाहेर नेसण्याजोगे चांगले लुगडे नव्हते, एवढेच. सभा सातऐवजी पाचला घेतली, पुढच्या दोन ओळी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ठेवल्या, कान तपासून घ्यायला जोडीजोडीने माणसे धाडली. याला खर्च फारसा आला नाही. विचारायला मात्र कोणीतरी जावे लागले, आणि ज्याचे स्वतःचे काही अडलेले आहे तोच ते नीट विचारतो.

तात्यांना यंत्र बसले आहे. ते म्हणतात, त्यात चमच्यांचाच आवाज फार येतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातली. तात्यांच्या उमेदीची सगळी वर्षे श्रावण ते आश्विन दिवाळी अंकांचे खिळे जुळवण्यात गेली. यंदा संघाच्या हस्तलिखित अंकाची तपासणी त्यांच्याकडे आहे. त्या कामाला कान लागत नाहीत. माझ्याच लेखात त्यांनी अकरा चुका काढल्या.

गुरुवारी आता आम्ही दोघे निघतो. मी काठी टेकीत, ते कठडा धरून. नव्या दाराशी पोचलो की कार्यक्रमाचा कागद मी खिशातच ठेवतो. आधी तात्या विचारतात. उत्तर यायला वेळ लागतो, तोवर आम्ही चहा घेतो.