आजोबांची २१ फाउंटन पेने कशी विकावीत?

अंतिम सत्राचे शुल्क भरायचे आहे, म्हणून आजोबांची २१ फाउंटन पेने विकायला काढली. एका व्यापाऱ्याने सगळ्यांचा मिळून जो भाव सांगितला, तो ऐकून परतलो आणि एकेक पेन भिंगाखाली धरले.

‘पार्कर ५१’ बाजारात आले १९४१ मध्ये; १९४८ पासून त्यात नळी दाबून शाई भरण्याची सोय झाली. आमच्या पेनात त्याआधीची, दट्ट्याची रचना आहे. म्हणजे ते बहुधा चाळीसच्या दशकातले. संग्राहक अशा पुराव्याला मोल देतात, चकाकीला नव्हे. घासताना कोरीव अक्षरे झिजली, की भाव उतरलाच!

या पेनावर आजोबांचे नावही कोरलेले आहे. मालकाच्या नावाने किंमत घटते म्हणे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे कसे पटावे? उरलेली २० पेने छायाचित्रांसह, सुटी विकतो आहे.